देवाचा हुकूम आणि बहिणीची सही



देवाचा अधिकार मानत नाही असे सांगणारे ख्रिस्ती घर आमच्या भागात शोधून सापडायचे नाही. मोहगावपासून सौंसर, पांढुर्ण्यापर्यंत आपली घरे थोडी आहेत, पण ज्या घरी जाऊ तिथे दाराच्या चौकटीवर क्रूस असतो, आत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते आणि कॅलेंडरवर त्या महिन्याचे वचन असते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारले, या घराचा मालक कोण, की ती एका सुरात ‘प्रभू येशू’ म्हणतात. उत्तर बरोबर आहे. पुढचा प्रश्न मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे. शेताचा मालक कोण? आणि तो मालक खसऱ्यात कुणाकुणाची नावे लावायला सांगतो?

हा लेख त्या प्रश्नावर आहे. ‘जमिनीच्या गोष्टी तहसीलीत आणि देवाच्या गोष्टी चर्चमध्ये’ असे आम्हाला ऐकवले गेले आहे, आणि ऐकवणारी माणसे रविवार न चुकवणारी आहेत. आमचे म्हणणे असे की देवाचा अधिकार कुठे पाळला जातो आणि कुठे नुसता सांगितला जातो हे पाहायचे असेल, तर चर्चच्या बाकावर बसण्यापेक्षा तहसीलीच्या व्हरांड्यात उभे राहावे.

तिथे काय दिसते? बाप वारलेला असतो. महिन्याची मिस्सा झालेली असते. फौती नामांतरणासाठी पटवाऱ्याकडे कागद द्यायचे असतात. नागपूर, वरूड, काटोल, छिंदवाडा, जिथे जिथे बहिणी दिल्या आहेत तिथून त्यांना बोलावणे जाते. बहिणी येतात, आईजवळ रडतात, जेवण होते. मग भाऊ कागद पुढे करतो. ताई, इथे सही कर. कागदावर लिहिलेले असते की माझा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे. कुणी एक वडीलधारे माणूस म्हणते, आधी प्रार्थना करू. प्रार्थनेत देवाचे आभार मानले जातात की त्याने या कुटुंबाला एकोप्यात ठेवले. ‘आमेन’ होते आणि सही होते. बहीण साडी घेऊन संध्याकाळच्या बसने परत जाते.

हे सगळ्याच घरांत होते असे आम्ही म्हणत नाही. बहिणींना बरोबरीने वाटा दिलेली घरे आम्हाला ठाऊक आहेत, आणि त्या घरांत राखी-सणाला बहिणी येणे बंद झाले असेही नाही. पण ती घरे मोजकी. बाकी ठिकाणी बहिणीने विचारलेच, माझा वाटा किती, तर तिला मिळणारे उत्तर कायद्याचे नसते आणि हिशेबाचेही नसते. ते धर्माचे असते. देवाची इच्छा आहे ना ताई की भावांनी घर सांभाळावे. बायबल सांगते स्त्रीने अधीन राहावे. भांडण लावणारा सैतान असतो.

आमचे भांडण या उत्तराशी आहे. लोभ जुना आहे, तो माणसामाणसात असतो, त्यावर पापनिवेदन आहे. पण लोभाने देवाच्या नावाची मोहर वापरली की गोष्ट वेगळी होते. ती दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेची गोष्ट होते, देवाचे नाव व्यर्थ घेण्याची.

पवित्र शास्त्रात याचा एक अस्सल नमुना आहे. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाचा २१ वा अध्याय काढून वाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. राजवाड्याला लागून होता, भाजीपाल्याला बरा होता. नाबोथ देईना, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. मग ईजबेल राणीने काय केले? शिपाई पाठवले नाहीत. तिने राजाच्या मोहरेची पत्रे पाठवून गावात उपवास जाहीर करवला. सभा भरली, नाबोथाला लोकांपुढे बसवले, आणि दोन माणसांनी साक्ष दिली की याने देवाची निंदा केली. धर्माचा कार्यक्रम रीतसर पार पडला आणि मळा राजाचा झाला. आपल्या संत्र्याच्या भागातल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. चांगली ओलिताची बाग, शेजारच्या मोठ्याची नजर, आणि पंचांसमोर गोड बोलून केलेला कागद, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या उपवासाकडे मात्र लक्ष द्या. जमीन हिसकायची होती म्हणून प्रार्थनासभा बोलावली गेली होती. परमेश्वराने एलीया संदेष्ट्याला पाठवले ते त्यानंतर, थेट त्याच मळ्यात, जिथे अहाब ताबा घ्यायला आला होता.

आता ‘अधिकार’ हा शब्द येशूसमोर कुणी नीट वापरला ते पाहू. मत्तयच्या ८ व्या अध्यायात कफर्णहूमचा रोमी शताधिपती येतो. त्याचा चाकर आजारी आहे. येशू घरी यायला निघतो, तर हा म्हणतो की तुम्ही माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही, तुम्ही शब्द बोला म्हणजे पुरे. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मिस्सामध्ये आपण सगळे जी नम्रतेची प्रार्थना म्हणतो, ती मुळात या परक्या फौजदाराची आहे. दर रविवारी ती आपल्या तोंडी असते, पण त्याचे पुढचे वाक्य मिस्सात येत नाही आणि म्हणून आपल्या ध्यानातही राहत नाही. तो पुढे सांगतो की मीसुद्धा अधिकाराखालचा माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. क्रम पाहा. आधी मी कुणाच्या तरी खाली आहे, आणि नंतर माझ्या खाली कुणी आहे. शिपायाने याचा हुकूम का ऐकावा? कारण हा स्वतः वरचा हुकूम ऐकतो. ज्या दिवशी तो वरचा हुकूम मोडेल त्या दिवशी त्याच्या हुकुमात काही उरणार नाही, तो तलवार घेतलेला एक माणूस उरेल. येशूला या माणसाच्या विश्वासाचे आश्चर्य वाटले, असे मत्तयने लिहून ठेवले आहे.

आम्ही ही कसोटी सगळीकडे लावून पाहतो. कुणी ‘देवाचा अधिकार’ असे म्हटले की विचारावे, या अधिकाराने तुमचे स्वतःचे काय अडले? तुमचा हात कुठे थांबला, तुमच्या खिशातून काय गेले, तुम्हाला कुणापुढे वाकावे लागले? बहिणीच्या सहीच्या प्रसंगी देवाची इच्छा भावाच्या तोंडून येते आणि बागही भावाकडेच येते. ज्याच्या पदरात पडते तोच देवाचा निरोप्या. असा योगायोग एका घरात झाला तर समजू शकतो, घराघरात कसा होईल?

आपल्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. दर वर्षी प्रशासनाचा आदेश निघतो, शांतता समितीच्या बैठका होतात, पोलीस आणि डॉक्टर उभे राहतात, आणि दगड पडायचे ते पडतातच. कुणाच्या रूढीवर बोट ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आदेश वाचला जाणे आणि पाळला जाणे यांत किती अंतर असू शकते ते आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको, एवढेच.

काही वाचक म्हणतील की ही अधिकाराला आव्हान देण्याची नवी भाषा आहे, आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत ती नाही. अहो, ती आपल्या परंपरेच्या उंबरठ्यावरच आहे. पंडिता रमाबाईंपेक्षा मोठे कोण? २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत होत्या, पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात गेल्या. त्यांना सांभाळणारी माणसे प्रेमळ होती, आणि त्यांची अपेक्षा अशी होती की या नव्या ख्रिस्ती बाईने चर्चचे वडीलधारे सांगतील ते निमूट मान्य करावे. रमाबाईंनी काय शिकावे, कुणाला शिकवावे, पुरुष विद्यार्थ्यांपुढे उभे राहावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांची मते मागवली गेली. १८८५ सालची त्यांची पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांचा आशय असा की, एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून बाहेर पडायला मला फार मोठी किंमत पडली आहे, आता दुसऱ्या वर्गाचा प्रत्येक शब्द परमेश्वराचा हुकूम समजून डोक्यावर घेणे मला जमणार नाही. देवाची आज्ञा कोणती आणि देवाच्या माणसांची सोय कोणती, हे त्या पारखून घेत होत्या.

आम्ही कॅथलिक आहोत, ख्रिस्तसभेच्या अधिकाराखाली आहोत आणि आनंदाने आहोत. रमाबाईंचे सगळे मत आम्ही पुढे करत नाही. पण ज्या बाईने असे लिहिले ती पुढे देवापुढे किती वाकली तेही पाहा, नाहीतर तिला नुसती बंडखोर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला छिंदवाडा, नागपूर, सगळा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. रमाबाईंनी लहानपणी दुष्काळातच आई, बाप आणि बहीण गमावली होती, भूक काय असते ते त्यांना ठाऊक होते. पुण्यात बसून प्रार्थना करायला त्यांना कुणी अडवले नव्हते. त्या उठून मध्य प्रांतात आल्या आणि रस्त्यावर, दुष्काळी छावण्यांत पडलेल्या शेकडो मुली आणि विधवा घेऊन गेल्या. हातात पुरेसा पैसा नव्हता, जागा नव्हती. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी दैना झाली तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले, आणि गव्हर्नरची नाराजी पत्करली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साऱ्या बायबलचे मराठी भाषांतर केले, सामान्य बाईला समजेल अशा भाषेत, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झालेले होते. बिशपपुढे मान ताठ, आणि उपाशी पोरीपुढे कंबर वाकलेली. देवाचा अधिकार ओळखलेले माणूस आम्हाला असे दिसते. आपल्याकडे बहुधा उलटे चालते.

दुसरे नाव नारायण वामन टिळकांचे. त्यांची भजने आपल्या सगळ्या मंडळ्यांत म्हटली जातात, कॅथलिक असोत की इतर. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले. त्या प्रवचनाच्या शेवटी मत्तय सांगतो की लोक थक्क झाले, कारण येशू शास्त्र्यांसारखा नव्हे तर अधिकार असल्यासारखा शिकवत होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना त्यांनी विश्वासात घेतले नव्हते, आणि त्या माउलीचे काय झाले ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत बऱ्याच अंशी लक्ष्मीबाईंनी चुकवली असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि थोरामोठ्यांबद्दल असे बोलू नये हे आम्हाला पटत नाही. तरी एक गोष्ट टिळकांच्या पदरात टाकली पाहिजे. देवाने मला बोलावले म्हणून आता तूही ये, असा हुकूम त्यांनी बायकोवर बजावला नाही. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक घेऊन आल्या. टिळकांनी ते चालू दिले. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो टिळकांच्या नंतर कितीतरी वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. देवाचा आवाज ऐकला अशी ज्याची खात्री होती, त्याने तो आवाज दुसऱ्यावर छडी म्हणून उगारला नाही.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. ते आम्हाला कॅथलिक म्हणून जसेच्या तसे पटणारे नाही. पण दरबार देवाचा म्हणायचा असेल तर पगार आणि मान दुसऱ्या दरबाराचा घेऊ नये, हे त्यांना कळले होते.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. देवाचा अधिकार मानायचा तर या विषयात देव काय म्हणतो ते पाहायला हवे, आणि इथे देव मोघम बोललेला नाही. गणना, अध्याय २७. सलाफहाद नावाचा माणूस रानात मेला, त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या पाचही जणी दर्शनमंडपाच्या दारापाशी, मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हाला वतन द्या. मोशेने काय केले? त्याच्याएवढा अधिकार कुणाचा होता? त्याने निकाल दिला नाही, परमेश्वरापुढे प्रश्न नेला. आणि परमेश्वराचे उत्तर आले की मुलींचे म्हणणे रास्त आहे, त्यांना वतन दे. शास्त्राचे जाणकार लगेच ३६ व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे त्या मुलींनी आपल्या वंशातच लग्न करावे असे ठरले, पण वाटा परत घेतलेला नाही. आणखी एक दाखला: ईयोबाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी त्याने आपल्या तीन मुलींना भावांच्या बरोबरीने वतन दिले. त्याला मुलगे होते, सात. कुणी मागितले नव्हते तरी दिले. भोगून आलेल्या माणसाची ती पहिली व्यवस्था होती.

आणि सगळ्यांच्या मुळाशी लेवीय २५:२३. जमीन देवाची आहे, आपण तिथे उपरे आणि पाहुणे आहोत. पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला हाकलायचे आणि वर यजमानाचे नाव घ्यायचे, हे बसत नाही.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत तोंड बंद ठेवलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ सालचा ‘गौदियम एत स्पेस’ हा दस्तऐवज काढा, २९ वा परिच्छेद. माणसामाणसात लिंगावरून केलेला भेदभाव देवाच्या हेतूविरुद्ध आहे, तो दूर झाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. फादरांनी सांगितले तर करू म्हणणाऱ्यांसाठी हे फादरांच्याही वरून आलेले आहे.

देशाचा कायदा तर आपल्याकडे कधीचा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ चा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले सगळ्या मुलांना सारखे, मुलगा-मुलगी हा फरक नाही. मध्य प्रदेशात भूमिस्वामीची जमीनही वैयक्तिक कायद्याप्रमाणेच वारसांकडे जाते. (आदिवासी घरांच्या वारसाच्या रूढी हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.) केरळात त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींना हे मिळत नव्हते. तिथे १९१६ चा जुना संस्थानी कायदा चालत होता आणि त्यात मुलीचा वाटा मुलाच्या चौथाई किंवा ५,००० रुपये, यांतले जे कमी असेल ते. कोट्टायमच्या मेरी रॉय या शिक्षिका स्वतःच्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांना जे भांडून मिळवावे लागले ते आपल्या लेकींना आधीपासून लिहून दिलेले होते. कैसराचा कायदा इथे देवाच्या वचनाच्या जवळ आहे आणि मंडळी लांब, ही आम्हाला लाजेची गोष्ट वाटते.

यावर आक्षेप येतात ते ऐकून घेऊ. लग्नात दिले, हा नेहमीचा. दिले असेल, तर भावाच्या शिक्षणाला, त्याच्या मोटारसायकलला, बोअरला लागले तेही मांडा आणि मग बेरीज करा. जमिनीचे तुकडे पडतात, हा दुसरा. तीन भावांत पडतात तेव्हा हा आक्षेप कुणी घेत नाही, चौथे नाव बहिणीचे आले की शेती परवडेनाशी होते. इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातले २२ वे वचन, बायकांनी अधीन राहण्याचे, आपल्या पुरुषांना तोंडपाठ असते. त्याच्या आधीच्या ओळीत, २१ मध्ये, सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावे म्हटले आहे, ते पाठ असलेला अजून भेटायचा आहे. शिवाय ते वचन नवराबायकोचे आहे. त्याचा भावाच्या सातबाऱ्याशी काय संबंध? (आपल्याकडे सातबारा नाही, खसरा आहे, पण बोलताना आपण अजून महाराष्ट्रातच असतो.)

खरा वजनदार आक्षेप एकच, आणि तो आम्हाला एका वाचनाऱ्या गृहस्थांनी घातला. लूक १२:१३. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की त्याने मला वतनाचा वाटा द्यावा. आणि येशू नकार देतो. मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमले, असे विचारतो. मग येशूनेच वाटणीत पडायचे नाकारले तर धर्मशिक्षकांनी का पडावे?

प्रश्न चांगला आहे, म्हणून पुढे वाचू. येशू तिथे थांबत नाही. तो लगेच सगळ्यांना लोभापासून सांभाळायला सांगतो आणि एक गोष्ट सांगतो. ज्याच्या शेतात भरपूर पिकले, ज्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री ज्याचा जीव मागितला गेला, त्या शेतकऱ्याची. गोष्ट कुणाची आहे? ज्याच्या हाती जमीन आणि धान्य आहे त्याची. मागणारा लोभी असू शकतो, हे खरे, आणि बहिणीलाही लोभ सुटू शकतो. पण बसून राहिलेल्याचा लोभ मागणाऱ्यापेक्षा कमी दिसतो, कारण त्याला तोंड उघडावे लागत नाही. येशूने मोजणी करायला नकार दिला, एकाने दुसऱ्याचे दाबून ठेवायला परवानगी दिली नाही. जक्कयाच्या घरी जेवायला गेला तेव्हा जक्कयाने आपण होऊन उठून सांगितले की ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो. येशूने त्याला ‘राहू दे, ही तहसीलीची गोष्ट आहे’ असे म्हटले नाही. त्या घराला आज तारण मिळाले, असे म्हटले. हे लूकच्याच १९ व्या अध्यायात आहे, सात अध्याय पुढे.

आम्ही फक्त जमिनीवर बोललो, कारण तिथे गोष्ट उघडी पडते. तीच गोष्ट संत्रा तोडणाऱ्या मजुराच्या हप्त्याची आहे, ज्याला शनिवारी ‘सोमवारी ये’ सांगतात, आणि लेवीय १९:१३ म्हणते की मजुरी रात्रभर सुद्धा ठेवू नको. तीच कापसाच्या काट्याची. तीच मंडळीच्या समितीतल्या त्या माणसाची, ज्याला प्रभू दर बैठकीला काहीतरी सांगतो आणि ते नेहमी त्याच्या मताशी जुळते. त्यांच्यावर पुन्हा केव्हातरी.

बहिणींना एक शब्द. सही करायला नकार देणे हे देवाच्या अधिकाराविरुद्ध उभे राहणे नव्हे. सलाफहादाच्या मुलीही सगळ्या वडीलधाऱ्यांपुढे उभ्याच राहिल्या होत्या. आणि ज्या बहिणीला खरोखर मनापासून द्यायचे आहे, भाऊ गरीब आहे, त्याची पोरे लहान आहेत, तिने द्यावे, तिला कोण अडवणार? पण जे आपल्या हातात आले आहे तेच देता येते. न मिळालेल्याचे दान कसे होईल?

म्हणून आमची मागणी लहान आहे. यंदा ज्या घरात फौतीचा अर्ज द्यायचा आहे, त्या घरातल्या भावांनी वारसांच्या रकान्यात आधी आईचे नाव लिहावे, मग सगळ्या मुलांची, जन्माच्या क्रमाने, लेक आणि मुलगा न पाहता. हकत्यागाचा कागद त्या दिवशी घरात आणू नये. नावे खसऱ्यावर चढू द्यावीत, एक हंगाम जाऊ द्यावा, मृगाचा बहार येऊन जाऊ द्यावा. त्यानंतर बहिणीला काही सोडायचे असेल तर ती तिच्या घरून, तिच्या वकिलाला विचारून, तिच्या तारखेला सौंसरला येईल. ज्यांचे आईवडील अजून आहेत त्यांनी हा लेख वडिलांना वाचून दाखवावा, कारण मृत्युपत्र तेच लिहिणार आहेत. आणि प्रार्थना करायचीच असेल तर ती अर्ज लिहायच्या आधी करावी, सही घ्यायच्या आधी नको.